पिचरच्या खांद्याची जबाबदारी कोणाची? महाविद्यालय विकास समित्यांना खुले पत्र

प्रति,
तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांच्या विकास समित्यांचे अध्यक्ष, प्राचार्य आणि सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी खानदेशातल्या एका लहान महाविद्यालयाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची माजी पिचर, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारी खेळाडू, आहे. सध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली सहा वर्षे, शाळा सुटल्यावर आठवड्यातले चार दिवस, त्याच महाविद्यालयाच्या मैदानावर मुलींना पिचिंग शिकवायला जाते. त्याचे मानधन मला मिळत नाही आणि या पत्रातून मी ते स्वतःसाठी मागत नाही; पुढे जिथे मानधनाचा उल्लेख आला आहे, तो माझ्यानंतर या कामाला येणाऱ्या मुलीसाठी आहे. हे पत्र कोणा एका महाविद्यालयाला उद्देशून लिहिलेले नाही, कारण स्पर्धांच्या निमित्ताने ज्या ज्या लहान संघांच्या डगआउटमध्ये (मैदानाकडेला संघ बसतो त्या जागी) जाण्याचा प्रसंग आला, तिथे थोड्याफार फरकाने मला हीच परिस्थिती दिसली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने महाविद्यालयाचा अर्थसंकल्प, नेमणुका आणि विद्यार्थ्यांच्या सोयी हे विषय आपल्या समितीपुढे आणले आहेत. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

गेल्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना चालू होता. त्यात आमचा संघ नव्हता. आम्ही आदल्या दिवशीच हरलो होतो आणि मी मुलींना घेऊन बाजूला बसले होते. एका संघाची पिचर द्वितीय वर्ष कला शाखेची, सडपातळ, उंच हाताची मुलगी होती. तिचा हात सुटा होता, मनगट उत्तम होते आणि तिच्या वयाला न शोभणारा संयम तिच्यात होता. आदल्या दिवसापासून तिच्या संघाचा हा चौथा सामना होता आणि चारही सामने तिने एकटीने टाकले होते. मी माझ्या मुलींनी टाकलेले चेंडू एका वहीत मोजते; त्या सवयीने तिचेही मोजत गेले होते. शेवटच्या इनिंगनंतर (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात) माझ्या वहीतला आकडा ३८६ होता, आणि त्यात सामन्यांपूर्वीच्या सरावाचे चेंडू धरलेले नव्हते. चौथ्या इनिंगपासून ती प्रत्येक चेंडूनंतर हात झटकत होती आणि डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या खांद्याची पुढची बाजू दाबत होती. दोन इनिंगच्या मध्ये मी तिच्या सरांकडे गेले आणि तिला थांबवता येईल का, असे विचारले. ते म्हणाले, "ताई, दुसरी पिचर आहेच कुठे?" त्यांच्या हातात स्कोअरशीट होते, बाकावर मुलींच्या ओळखपत्रांची पिशवी होती आणि त्यांचा संघ फलंदाजीला आला की तिसऱ्या बेसपाशी, म्हणजे धावताना शिवायच्या तिसऱ्या टप्प्यापाशी, त्यांनाच जाऊन उभे राहायचे होते. तो सामना त्या संघाने जिंकला. संध्याकाळी एस.टी.त चढताना त्या मुलीने सॅक डाव्या हाताने उचलली.

त्या सरांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर त्या दिवशी मीही वेगळे काही करू शकले नसते, कारण दुसरी पिचर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तयार होत नाही. ती आदल्या वर्षीच्या जुलैत हेरावी लागते, आणि त्यासाठी मैदानावर एक माणूस जास्त असावे लागते. आपल्यापुढे मांडायचा विषय तो आहे.

लहान महाविद्यालयात सॉफ्टबॉलचा प्रशिक्षकवर्ग म्हणजे प्रत्यक्षात कोण असतात, हे समितीच्या सदस्यांनी एकदा जवळून पाहावे. एक शारीरिक शिक्षण संचालक असतात. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, मैदानी स्पर्धा, कुस्ती, बुद्धिबळ आणि योग या सर्वांचे संघ त्यांनाच उभे करायचे असतात. त्याखेरीज प्रवेशाचे दिवस, परीक्षेचे पर्यवेक्षण आणि नॅकच्या फाइली असतात. जिथे हे पद रिकामे आहे, तिथे तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिक्षक असतात आणि पुढच्या वर्षी ते असतील की नाही, हे त्यांनाही माहीत नसते. दुसरी व्यक्ती म्हणजे माझ्यासारखा एखादा माजी खेळाडू, जो खेळाच्या ओढीने येतो, नोकरी किंवा लग्न आडवे आले की यायचा थांबतो, आणि ज्याच्या असण्याची नोंद महाविद्यालयाच्या कोणत्याही कागदावर नसते. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की तिसरी व्यक्ती जोडली जाते, ती म्हणजे लेडी मॅनेजर. दरवर्षी एखाद्या विभागातल्या मॅडमची त्या कामी पाळी लागते. त्या मुलींची मायेने काळजी घेतात, रात्री त्यांच्याबरोबर राहतात, परंतु मैदानावर काय चालले आहे ते त्यांना कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नसते.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या सॉफ्टबॉल संघात मुख्य प्रशिक्षकाच्या जोडीला पिचिंग आणि फलंदाजीसाठी वेगळे प्रशिक्षक असतात, दुखापती पाहणारा तज्ज्ञ असतो. तशी मागणी मी करत नाही. मात्र या खेळाच्या नियमांनीच किती माणसे गृहीत धरली आहेत, तेवढे पाहावे. फलंदाजी करणाऱ्या संघाला पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या बाहेर एकेक प्रशिक्षक उभा करण्यासाठी जागा आखून दिलेली असते. दुसऱ्या बेसवरून सुटलेल्या मुलीची पाठ चेंडूकडे असते. तिसऱ्या बेसपाशी तिने थांबायचे की होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्याकडे, झेपावायचे, हे त्या बेसजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातावरून तिला कळते. चुकीच्या वेळी हात फिरवला तर ती कॅचरच्या मिटवर (होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या हातमोज्यावर) जाऊन आदळते. लहान संघांत तिसऱ्या बेसपाशी सर उभे राहतात आणि पहिल्या बेसपाशी राखीव मुलींपैकी एक. डगआउटमध्ये कोणीच उरत नाही, आणि पुढच्या इनिंगला ज्या मुलीने पिचिंग करायचे असते ती त्याच डगआउटमध्ये बसलेली असते. तिचा हात गार पडला आहे का, तिने पाणी प्यायले का, ती खांदा दाबते आहे का, हे पाहणारे डोळे तिथे नसतात.

या खेळाच्या नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून त्याचा चेंडू मऊ असतो, असा समज मी अनेक सुशिक्षित लोकांत पाहिला आहे. १८८७ साली शिकागोमध्ये हा खेळ बंदिस्त जागेत खेळण्यासाठी सुरू झाला, तेव्हा तो समज खरा असेलही. आज मुली ज्या चेंडूने खेळतात त्याचा घेर १२ इंच आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम असते. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, म्हणजे आमच्या मुलींच्या हातातला चेंडू त्याहून बराच जड आहे. पिचर उभी राहते तिथून होम प्लेटपर्यंत महिलांसाठी ४३ फुटांचे, म्हणजे सुमारे १३.१ मीटरचे अंतर असते. तालुक्याच्या संघातली चांगली पिचरसुद्धा चेंडू ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने टाकते आणि समोरच्या फलंदाजाला निर्णयासाठी जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. एवढ्या जड चेंडूला हा वेग देण्यासाठी ती हात कमरेपासून पुढून वर नेते, डोक्यावरून मागे फिरवते आणि मांडीजवळ आणून सोडते. पवनचक्कीसारखा हा पूर्ण फेरा असतो, म्हणून त्याला विंडमिल म्हणतात.

खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, ही आमच्या मैदानांवरची सर्वांत घातक समजूत आहे. मला ती माझ्या सरांनी सांगितली होती, त्यांना त्यांच्या सरांनी सांगितली असणार. हात वरून फेकला तर ताण येतो, खालून टाकणे शरीराला नैसर्गिक आहे, त्यामुळे पिचरने दिवसभर टाकले तरी चालते, असा तो युक्तिवाद आहे. खेळाच्या शास्त्रज्ञांनी विंडमिल पिचिंगची मोजमापे केली तेव्हा खांद्यावर येणारा ताण वरून फेकणाऱ्या बेसबॉल पिचरच्या तोडीचा निघाला. फेऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात, हात मागून खाली येताना, दंडाच्या स्नायूचा खांद्यापुढून जाणारा कंडरा हाताला सांध्यात धरून ठेवण्यासाठी झुंजत असतो. ती मुलगी बोटांनी दाबत होती ती जागा हीच. व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना सुरू करणाऱ्या पिचरला पुढच्या सामन्याआधी चार-पाच दिवसांची विश्रांती मिळते. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या लिटल लीग बेसबॉलने २००७ पासून एका दिवसात किती चेंडू टाकायचे यावर वयानुसार मर्यादा घातली आहे. आमच्या दोन दिवसांच्या स्पर्धेत दिवसाला दोन-दोन सामने होतात आणि मर्यादा ठरवणारे कोणी नसते.

या विषयावर बोलायला गेले की मला युकिको उएनो यांचे उदाहरण ऐकवले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २० ऑगस्ट रोजी जपानच्या या पिचरने एकाच दिवशी दोन सामने टाकले, एक अमेरिकेविरुद्ध नऊ इनिंगचा आणि दुसरा ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंगचा. त्या दिवशी त्यांनी ३१८ चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५ टाकून त्यांनी अमेरिकेला ३-१ ने हरवले आणि जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. दोन दिवसांत ४१३ चेंडू. आमच्या खेळातली ही सर्वांत मोठी शौर्यकथा आहे आणि मला तिचा मनापासून आदर आहे. परंतु उएनो तेव्हा २६ वर्षांच्या होत्या, जपानच्या उद्योगसमूहांच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे कमावलेले त्यांचे शरीर होते, पाठीशी अनुभवी प्रशिक्षकांचा संच होता, आणि ते ऑलिंपिकचे सुवर्णपदक होते. सकाळी गावाहून एस.टी.ने येऊन, दुपारी डबा खाऊन मैदानावर उतरणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीला तिसऱ्या क्रमांकासाठी तेवढाच भार द्यावा, असा धडा त्यातून निघत नाही.

आणि त्याच कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. सॉफ्टबॉल पुढच्या दोन ऑलिंपिकमधून वगळले गेले आणि टोकियोत परतले. २७ जुलै २०२१ रोजी योकोहामाच्या मैदानावर पुन्हा जपान आणि अमेरिका समोरासमोर आले. उएनो आता ३९ वर्षांच्या होत्या. सामना त्यांनीच सुरू केला, परंतु सहाव्या इनिंगमध्ये त्यांच्या जागी २० वर्षांची मिऊ गोतो आली, तिने अवघड वेळ निभावली, आणि सातव्या इनिंगमध्ये उएनो परत मैदानात आल्या. जपानने तो सामना २-० ने जिंकला. सॉफ्टबॉलच्या नियमानुसार सामना सुरू करणारी खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. क्रिकेटच्या सवयीने आपण हा नियम विसरतो आणि पिचरला बाहेर काढले म्हणजे ती गेलीच, असे धरून चालतो. तेरा वर्षांनी जपानने सुवर्ण राखले ते दोन हातांनी, आणि तो दुसरा हात तयार करायला त्यांच्याकडे माणसे होती.

आता थोडे माझ्याबद्दल. मी अकरावीत असताना एका सरांनी मला फेकताना पाहिले आणि सॉफ्टबॉलच्या मैदानावर आणले. ते मूळचे क्रिकेटचे. नियमपुस्तिकेच्या झेरॉक्सवरून आणि एका जुन्या खेळाडूला विचारून त्यांनी मला विंडमिल शिकवले, आणि त्यांच्यामुळे मी विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचले. हिवाळ्यात मैदानाच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून माझ्याकडून त्यावर शेकडो चेंडू मारून घेताना ते स्वतः चेंडू गोळा करून आणून देत. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढा वेळ दिलेला नाही. तृतीय वर्षाला असताना एका स्पर्धेत मी सलग तीन सामने टाकले. तिसऱ्या सामन्याच्या मध्यावर खांद्यात काहीतरी ओढल्यासारखे झाले आणि मी ते सरांना सांगितले नाही. सामना संपला, आम्ही जिंकलो, आणि त्यानंतर आजतागायत मी उजव्या हाताने वर्गातल्या फळ्याच्या वरच्या ओळीत सलग लिहू शकलेले नाही. पुढच्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या शिबिरासाठी नाव आले तेव्हा मी घरी अभ्यासाचे कारण सांगितले.

मी का सांगितले नाही, हे समितीने समजून घ्यावे असे मला फार वाटते. स्पर्धेतले प्रमाणपत्र आमच्या भागातल्या मुलीसाठी मोठी गोष्ट असते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. शिवछत्रपती पुरस्कार मिळालेल्या सॉफ्टबॉल खेळाडूंची नावे मुलींना तोंडपाठ असतात. जळगाव, अमरावती, नागपूर, पुणे अशा ठिकाणी हा खेळ रुजला आणि महाराष्ट्राचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत वरचेवर पदके आणतात, त्यामुळे राज्याच्या संघात निवड होणे हे दूरचे स्वप्न राहिलेले नाही. ज्या मुलीच्या घरी बारावीनंतर स्थळे पाहायला सुरुवात झालेली असते, तिच्यासाठी ते प्रमाणपत्र म्हणजे आणखी दोन वर्षे शिकण्याची परवानगी असते. अशी मुलगी खांदा दुखतो म्हणून स्वतःहून कधीच थांबणार नाही. 'दुखतंय का गं?' असे विचारले तर 'नाही मॅडम' हेच उत्तर येईल, मी दिले होते तसेच. म्हणून तिच्यावतीने थांबायचा निर्णय घेणारी व्यक्ती मैदानावर हवी, तिला चेंडू मोजायचे काम लेखी दिलेले हवे, आणि तिच्या शब्दाला सरांनीही मान द्यावा असा अधिकार महाविद्यालयाने तिला दिलेला हवा.

ही व्यक्ती शक्यतो स्त्री असावी, असे माझे मत आहे. त्यामागचे एक कारण सरळ आहे. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आढळले. आमच्या संघातल्या मुली त्या आकड्याच्या बाहेरच्या नाहीत. तिसऱ्या इनिंगपासून चेंडू उंच जायला लागला, पाय पुढे टाकताना आखडायला लागला, तर ते तंत्राचे बिघडणे आहे, की सकाळपासून काही खाल्लेले नाही, की पाळीचा दुसरा दिवस आहे, हे ओळखावे लागते. मुली हे सरांना सांगत नाहीत. माझ्या अनुभवात त्या मलाही पहिल्या वर्षी सांगत नाहीत, दुसऱ्या वर्षी सांगतात. म्हणूनच दरवर्षी बदलणाऱ्या मॅनेजरने हे काम होत नाही.

दुसरी पिचर कशी तयार होते, तेही सांगते. प्रथम वर्षाच्या निवड चाचणीला आलेल्या मुलींत ज्यांचे मनगट सैल आहे आणि ज्यांना एकटीने उभे राहायची भीती वाटत नाही, अशा तिघी-चौघी निवडायच्या. त्यांपैकी दोघी टिकतात. पहिले दोन महिने त्यांनी नुसते मनगटाने, गुडघ्यावर बसून, दहा-पंधरा फुटांवरून टाकायचे असते. पूर्ण फेरा त्यानंतर. स्ट्राईकच्या चौकटीत, म्हणजे फलंदाजाला खेळता येईल अशा टप्प्यात, सलग चेंडू पडायला पहिले वर्ष जाते आणि चेंज-अप, म्हणजे वेगवान भासवून हळू सोडलेला चेंडू, विश्वासाने टाकता यायला दुसरे. या काळात तिच्याजवळ रोज कोणीतरी उभे राहावे लागते, आणि त्याच वेळी सरांना पलीकडे उरलेल्या बारा-तेरा मुलींचे क्षेत्ररक्षण घ्यायचे असते. एका माणसाला ही दोन कामे करता येत नाहीत, मग साहजिकच जी पिचर आधीच तयार आहे तिच्यावर संघ चालतो आणि दुसरी मुलगी आउटफिल्डला पाठवली जाते. पहिली पिचर पदवी घेऊन गेली की संघ दोन वर्षे स्पर्धेतच उतरत नाही. माझ्यानंतर आमच्या महाविद्यालयात हेच झाले, आणि ज्या मुली त्या दोन वर्षांत तिथे शिकल्या त्यांना सॉफ्टबॉल मिळालेच नाही.

मैदानाचेही थोडे. आमच्याकडची जमीन काळी. पावसात चिखल आणि दिवाळीनंतर भेगा. पिचर प्रत्येक चेंडूबरोबर मागचा पाय जमिनीवर ओढत आणते, त्यामुळे पिचिंग प्लेटसमोर हातभर खड्डा पडतो आणि घोटे मुरगळतात. तो रोज संध्याकाळी मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने बसवावा लागतो. फक्कीने मैदान आखायला शिपाई मिळतो, परंतु हा खड्डा कोणाच्याच यादीत नसतो. आमच्या मैदानावर तो मी आणि मुलीच भरतो. ज्या दिवशी मी जात नाही, त्या दिवशी तो तसाच राहतो.

यासाठी किती पैसे लागतील, हा प्रश्न आपण विचाराल आणि तो विचारलाही पाहिजे. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांसाठी, आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी दोन तास, एका माजी महिला खेळाडूला साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नेमायचे. बी.पी.एड. केलेल्या आणि घरी बसलेल्या मुली तालुक्यात आहेत. मी स्वतः तिघींना ओळखते. आमच्या संघाच्या गेल्या काही वर्षांच्या हिशेबावरून सांगते की, दरवर्षी नवे ट्रॅकसूट घेण्याऐवजी ते दोन वर्षे वापरले तर या मानधनाचा मोठा भाग त्यातूनच उभा राहील. मुलींना नवे ट्रॅकसूट आवडतात, मला ठाऊक आहे. मी त्यांच्याशी बोलले आहे, आणि त्यांनी साहाय्यक प्रशिक्षक निवडली.

नेमणूक लेखी असावी, हा माझा आग्रह आहे आणि त्यामागे मानधनापेक्षा मोठे कारण आहे. आज माझ्यासारखी व्यक्ती संध्याकाळी महाविद्यालयाच्या आवारात मुलींबरोबर असते, त्यांच्याबरोबर बाहेरगावी जाते, आणि तिची ओळख कोणत्याही नोंदवहीत नाही. मी स्त्री आहे, गावात सर्वांच्या माहितीची आहे, म्हणून पालकांनी विश्वास ठेवला. परंतु विश्वास हा नियमाच्या जागी ठेवण्याची गोष्ट नव्हे. मैदानावर येणारी प्रत्येक व्यक्ती, पुरुष असो वा स्त्री, महाविद्यालयाच्या नेमणूकपत्रावर असावी, तिची माहिती अंतर्गत तक्रार समितीकडे असावी, आणि तक्रार कुठे करायची हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. मनापासून काम करणाऱ्या प्रशिक्षकालाही त्याने संरक्षण मिळते.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागांकडेही माझी एक विनंती आहे आणि ती आपल्या महाविद्यालयांमार्फत गेली तर तिला वजन येईल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघाची यादी देताना किमान दोन मुलींची नावे पिचर म्हणून देणे बंधनकारक करावे, आणि एका पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त किती इनिंग टाकायच्या यावर मर्यादा ठेवावी. माझ्या मते ती दहा इनिंगांच्या पुढे नसावी. जाणकारांनी वेगळा आकडा सुचवला तर मी तो मान्य करीन, परंतु आकडा असावा. सुरुवातीला काही संघ यामुळे हरतील. आमचा संघ गेल्या हंगामात असाच हरला. पहिल्या सामन्यात आमच्या पिचरने बऱ्याच इनिंग टाकल्या होत्या, म्हणून दुसऱ्या सामन्यात मी प्रथम वर्षाच्या मुलीला उभे केले, तिने एका इनिंगमध्ये पाच जणींना वॉक दिला, म्हणजे चौकटीबाहेरच्या चेंडूंमुळे त्यांना पहिला बेस फुकट मिळाला, आणि सामना हातचा गेला. मुली रडल्या, सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तीच मुलगी आता संध्याकाळी सर्वांत आधी मैदानावर येते आणि खड्ड्यात मुरूम टाकून ठेवते.

येत्या शैक्षणिक वर्षाची निवड चाचणी प्रवेश संपताच होईल. त्याआधी आपल्या समितीची एक बैठक होतेच. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मुलींच्या सॉफ्टबॉल संघासाठी साहाय्यक महिला प्रशिक्षकाची नेमणूक हा विषय घ्यावा, शारीरिक शिक्षण संचालकांना आणि संघाच्या कर्णधार मुलीला त्या वेळी बोलवावे, आणि त्यांना बोलू द्यावे. माझी सहा हंगामांची वही, ज्यात प्रत्येक सामन्यात कोणी किती चेंडू टाकले याची नोंद आहे, मी कोणत्याही महाविद्यालयाच्या समितीपुढे घेऊन यायला तयार आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे शनिवारी दुपारची वेळ मला सोयीची पडेल.

आपली नम्र,
महिला सॉफ्टबॉल संघाची माजी पिचर व मानद साहाय्यक प्रशिक्षक